सलीम अलींच्या नोंदवह्या आणि न दिसणारे विष

मुंबई शहराला तानसा तलावाचे पाणी १८९२ साली मिळू लागले. ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यात सुमारे पावणेतीन किलोमीटर लांबीची दगडी भिंत घालून अडविलेले हे पाणी शहरात आले आणि त्यानंतर चार वर्षांनी, १२ नोव्हेंबर १८९६ रोजी, सलीम मोइझुद्दीन अब्दुल अली यांचा मुंबईत जन्म झाला. या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध आहे असे म्हणणे ओढूनताणून आणल्यासारखे होईल. परंतु तानसाच्या रानात २०१४ साली जो पक्षी अनपेक्षितपणे आढळला आणि त्या रानाच्या आसपास, शहापूर-मुरबाडच्या शेतांतून, जी औषधे फवारली जातात, त्यांचा एकत्र विचार करू लागले की सलीम अलींच्या नव्वद वर्षांच्या आयुष्याकडे निराळ्या नजरेने पाहावे लागते. दुर्बीण गळ्यात अडकवून पाखरांमागे हिंडणारा छांदिष्ट म्हातारा ही त्यांची जनमानसातील प्रतिमा लोभस आहे, पण अपुरी आहे.

सलीम अली हे विषशास्त्रज्ञ नव्हते. कीटकनाशके प्राण्यांच्या आणि माणसांच्या संप्रेरकांवर, म्हणजे रूढ भाषेत हार्मोन्सवर, काय परिणाम करतात हा त्यांच्या अभ्यासाचा विषय नव्हता. किंबहुना या दुष्परिणामाला शास्त्रात स्वतंत्र नाव मिळाले ते त्यांच्या मृत्यूनंतर, १९९१ साली. तरीही हे विष ओळखायचे कसे, या प्रश्नाचे उत्तर ज्या पद्धतीच्या कामात दडले आहे ते काम त्यांनी आपल्या देशात हयातभर केले. त्या दृष्टीने त्यांचे चरित्र पुन्हा सांगण्याजोगे आहे.

एका सुखवस्तू सुलेमानी बोहरा कुटुंबातील हे सर्वांत धाकटे अपत्य. वडील वर्षभराच्या आत गेले, तिसऱ्या वर्षी आईही गेली. मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी खेतवाडीतील आपल्या भरल्या घरात या पोरक्या भावंडांना वाढविले. मामा शिकारीचे शौकीन होते आणि त्या काळच्या रिवाजाप्रमाणे मुलाच्या हाती छऱ्यांची बंदूक आली. तिने पाडलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही कोणती जात, असा प्रश्न मुलाला पडला आणि मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्याकडे पाठविले. मिलार्ड यांनी पक्षी ओळखून दिला आणि पेंढा भरलेल्या पक्ष्यांनी गच्च भरलेली कपाटे उघडून दाखविली. ही कथा बहुतेकांना ठाऊक आहे. तिच्या जवळपासच्या काळातील दुसरी गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही, आणि ती अधिक महत्त्वाची आहे. तबेल्यात घरटे केलेल्या चिमण्यांच्या जोडीतील नर या मुलाने मारला. मादीने लवकरच दुसरा नर आणला. तोही मारला, तर तिसरा आला. हा प्रकार त्याने तारीखवार लिहून ठेवला. त्या नोंदीत शिकाऱ्याची बढाई आहे, पण काय घडले ते क्रमाने आणि खरेपणाने लिहिले आहे. दहा वर्षांच्या मुलाचे ते टिपण पुढे साठ वर्षांनीही शास्त्रीय माहिती म्हणून छापण्याच्या योग्यतेचे ठरले.

त्यानंतरची वर्षे सरळ गेली नाहीत. महाविद्यालयीन शिक्षण अर्धवट सोडून ते ब्रह्मदेशात तावॉय येथे भावाच्या खाणधंद्यात मदतीला गेले. १९१७ साली परत आल्यावर व्यापारी शिक्षण आणि त्याच वेळी सेंट झेवियर्समध्ये फादर ब्लॅटर यांच्याकडे प्राणिशास्त्राचे धडे, अशी दुहेरी ओढाताण चालली. १९१८ साली तेहमिना यांच्याशी विवाह झाला. पदवी नसल्यामुळे भारतीय प्राणिसर्वेक्षण विभागात जागा मिळू शकली नाही. १९२६ साली प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयाच्या निसर्गेतिहास विभागात मार्गदर्शक व्याख्याता म्हणून नोकरी मिळाली. तेथून रजा घेऊन ते बर्लिनला प्राध्यापक एर्विन श्ट्रेझमान यांच्याकडे शिकून आले, तो इकडे पैशांअभावी ती जागाच रद्द झालेली होती. एखाद्याने अशा वेळी पक्षिशास्त्राला रामराम ठोकला असता. सलीम अली पत्नीसह अलिबागजवळ किहीम येथील एका लहान घरात राहावयास गेले, आणि बेकारीचा तो पावसाळा त्यांच्या शास्त्रीय जीवनातील सर्वांत फलद्रूप पावसाळा ठरला.

घराजवळ सुगरणींची वसाहत होती. शिडीवर आडोसा करून ते तासन् तास तिच्यासमोर बसू लागले. सुगरण पक्षी विणकाम उत्तम करतो एवढे लोकांना ठाऊक होते. त्याच्या घरात काय चालते हे कोणी पाहिले नव्हते. सलीम अलींना दिसले ते असे : नर अर्धवट घरटी विणून ठेवतात; मग माद्या येतात, घरट्यांची पाहणी करतात, पसंत पडेल ते घेतात; मादीने घर स्वीकारले की नर ते पुरे करतो आणि तिने अंडी घातली की लगेच दुसरे घरटे विणून दुसऱ्या मादीची वाट पाहू लागतो. ज्या घरट्यांना माद्यांनी नाकारले ती तशीच लोंबकळत राहतात. हा निबंध १९३१ साली सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि त्यांचे नाव परदेशी पक्षिशास्त्रज्ञांपर्यंत पोहोचले.

या निबंधाकडे आज पाहताना एक गोष्ट ध्यानात येते. सुगरणीच्या नराला पावसाच्या सुमारास चढणारा पिवळा रंग, त्याचे विणकाम, मादीची निवड, अंड्यांची वेळ, पिलांना किडे भरविण्याची लगबग, हा सारा व्यवहार शरीरातील संप्रेरकांच्या हुकमाने चालतो. ग्रंथींतून रक्तात सुटणारी ही द्रव्ये इतकी सूक्ष्म असतात की त्यांचे प्रमाण अब्जांशांत मोजावे लागते. ठरलेल्या दिवसांत ठरलेला निरोप ठरलेल्या इंद्रियाला पोहोचला तर पक्षी विणतो, वितो आणि वाढवितो. निरोप चुकला तर पक्षी मरत नाही. तो दिसावयास धडधाकट असतो, उडतो, चरतो. फक्त त्याचे घरटे रिकामे राहते. रस्त्यावर पडलेले प्रेत कोणालाही दिसते. रिकाम्या घरट्याची दाद लागावयाची, तर पूर्वी त्या झाडावर किती घरटी भरत असत हे कोणीतरी मोजून ठेवलेले असावे लागते.

किहीमच्या त्या पावसाळ्याला पंधरा वर्षे होतात न होतात तोच डीडीटी भारतात आले. त्याचे स्वागत झाले यात नवल नव्हते, आणि ते स्वागत चुकीचे होते असे आजही म्हणता येणार नाही. स्वातंत्र्याच्या वेळी देशात दरसाल सुमारे साडेसात कोटी लोकांना हिवताप होत असे आणि आठ लाखांच्या आसपास माणसे दगावत, असा अंदाज होता. १९५३ साली राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, खेडोपाडी झोपड्यांच्या भिंतींवर फवारे बसले, आणि साठीच्या दशकाच्या मध्यापर्यंत रुग्णांची संख्या लाखाच्या घरात आली. शहापूर, मुरबाड, मोखाड्याच्या रानपट्ट्यात ज्या पिढीने थंडीतापाने माणसे मरताना पाहिली होती तिला डीडीटी हे वरदान वाटले तर तिला कोण दोष देईल? पॉल म्युलर यांना १९४८ साली नोबेल पारितोषिक मिळाले ते उगीच नव्हे. अडचण अशी झाली की भिंतीवरचे औषध शेतात उतरले आणि त्याच्या मागोमाग त्याचे अनेक भाऊबंद आले. किडा मरतो आणि माणूस मरत नाही, एवढीच त्यांची परीक्षा होती.

ही परीक्षा अपुरी आहे हे जगाला कळले ते पक्ष्यांच्या अंड्यांवरून. इंग्लंडमध्ये बहिरी ससाण्यांची संख्या पन्नाशीच्या दशकात घटू लागली. घरट्यांत अंडी फुटलेली सापडत. डेरेक रॅटक्लिफ या शास्त्रज्ञाने अंडी जमविणाऱ्या हौशी लोकांचे जुने संग्रह धुंडाळले. अंडी चोरून पेटीत कापसावर मांडून ठेवणे हा छंद तोवर बराच बदनाम झाला होता. पण त्या पेट्यांतील प्रत्येक अंड्याला चिठ्ठी होती आणि चिठ्ठीवर तारीख व ठिकाण होते. रॅटक्लिफ यांनी कवचे मोजली, तोलली. १९४७ सालाच्या आसपास कवच एकाएकी पातळ झाल्याचे दिसून आले. डीडीटीचा शेतीतील प्रसार त्याच सुमाराचा. हा निष्कर्ष १९६७ साली प्रसिद्ध झाला. डीडीटीचे शरीरात जे रूपांतर होते ते द्रव्य कवच तयार करणाऱ्या ग्रंथीच्या कामात अडथळा आणते आणि चुना पुरेसा बसत नाही, हे पुढे प्रयोगांनी ठरले. मादी अंड्यावर बसली की अंडे तिच्याच भाराने फुटते. आईच्या उबेने पिलू मरावे असा हा प्रकार. त्यानंतर कॅलिफोर्नियातील शास्त्रज्ञांनी कुरव पक्ष्यांच्या अंड्यांत डीडीटी सोडून पाहिले तेव्हा नर गर्भांत मादीची लक्षणे उतरली. तो शोधनिबंध १९८१ चा आहे.

चिठ्ठ्या नसत्या तर हा खटला उभाच राहिला नसता, हे येथे विसरता कामा नये. रेचल कार्सन यांचे १९६२ चे पुस्तक जगभर गाजले आणि ते गाजावयासच हवे होते. परंतु लोकमताला जाग आल्यानंतर कायद्याला जो पुरावा लागतो तो संग्रहालयांच्या खणांतून निघाला. अमेरिकेने १९७२ साली डीडीटीचा सर्वसाधारण वापर थांबविला. आपल्याकडे शेतीतील वापरावर बंदी यावयास १९८९ साल उजाडले. आरोग्यखात्यासाठी त्याचे उत्पादन त्यानंतरही चालू राहिले आणि त्यातला एक कारखाना महाराष्ट्रातच, रसायनी येथे होता.

भारतात अशा चिठ्ठ्या कोणी लिहिल्या? ब्रिटिश अधिकाऱ्यांनी काही लिहिल्या. परंतु संस्थानांमागून संस्थाने पायाखाली घालून कोठे कोणता पक्षी, किती, कोणत्या महिन्यात, पोटात काय, घरटे कशाचे, अंडी किती, हे पद्धतशीरपणे लिहून काढण्याचे काम मुख्यतः सलीम अलींचे. हैदराबाद संस्थानाची पाहणी १९३१-३२ मध्ये झाली. मग त्रावणकोर-कोचीन, मध्य भारत, म्हैसूर, गुजरात. मानधन नको, छावणीचा खर्च द्या, एवढ्या बोलीवर ते निघत. तेहमिना बरोबर असत; तंबू, हिशेब, माणसे सारे त्या पाहत. १९३९ साली एका लहानशा शस्त्रक्रियेनंतर त्या अकस्मात वारल्या. या आघातातून ते कामाच्या जोरावरच बाहेर आले. दोन वर्षांनी, १९४१ साली, भारतीय पक्ष्यांवरील त्यांचे सचित्र पुस्तक निघाले. ते आजतागायत नव्या आवृत्त्या घेत आहे. डिलन रिप्ले यांच्यासमवेत लिहिलेला दहा खंडांचा ग्रंथ १९६८ ते १९७४ या काळात पुरा झाला.

पक्ष्यांविषयी त्यांच्या मनात भाबडेपणा नव्हता. नमुन्यांसाठी ते बंदूक चालवीत आणि त्याबद्दल त्यांना संकोच वाटत नसे. शेतीच्या दृष्टीने पक्ष्यांचा हिशेब मांडावा, कोण किती किडे खातो आणि कोण किती दाणे खातो याचा जमाखर्च शास्त्राने द्यावा, असा आग्रह त्यांनी १९३० च्या दशकातच धरला होता. कीटकनाशकांचा जमाना सुरू होण्यापूर्वी केलेला हा आग्रह आपल्या कृषिखात्यांनी मनावर घेतला असता, तर फवारणीपूर्वी शेतात काय होते याचा एक पाया तरी हाती राहिला असता.

नोंद खरी असावी लागते. हे वाक्य लिहिण्याची गरज पडू नये, पण सलीम अलींच्याच परिचयातील एका गृहस्थाने ती पाडली. कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन हे नामांकित ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि पक्षिसंग्राहक. १९३७ साली सलीम अली त्यांच्यासमवेत अफगाणिस्तानात हिंडले होते. या कर्नलसाहेबांच्या संग्रहात रानपिंगळ्याचा एक नमुना होता. रानपिंगळा हे घुबडाच्या कुळातील, मध्य भारताच्या रानांपुरते मर्यादित असलेले लहान पाखरू. त्याचा पहिला नमुना १८७२ साली मिळाला आणि खानदेशात १८८४ पर्यंत आणखी काही मिळाले. त्यानंतर तो कोणाच्या दृष्टीस पडला नाही. अपवाद कर्नलसाहेबांच्या नमुन्याचा. त्यावरील चिठ्ठी १९१४ सालची आणि तापीकाठच्या मांडवीची होती. ती प्रमाण मानून शोधकांनी भलत्याच ठिकाणी पायपीट केली. सलीम अली आणि रिप्ले यांनीही या पिंगळ्याचा शोध घेतला. त्यांना यश आले नाही. पामेला रासमुसेन या अमेरिकन विदुषीने नव्वदीच्या दशकात छडा लावला. १९१४ चा म्हणून दाखविलेला नमुना वस्तुतः खानदेशातील जुना, संग्रहालयातून चोरलेला, उसवून पुन्हा भरलेला आणि खोटी चिठ्ठी चिकटविलेला होता. ती चिठ्ठी बाजूला ठेवून खऱ्या नोंदींच्या माग काढीत त्या शहाद्याजवळ गेल्या आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये, एकशे तेरा वर्षांनी, रानपिंगळा सापडला. सलीम अली तेव्हा हयात नव्हते. ज्या मनुष्याबरोबर त्यांनी तंबूत दिवस काढले त्याच्या लबाडीची पूर्ण कथा त्यांना कळली नाही.

स्वातंत्र्यानंतर सोसायटीची तिजोरी रिकामी होती आणि युरोपीय सभासद देश सोडून जात होते. ती संस्था जगविण्याचे श्रेय सलीम अलींकडे आणि हुमायून अब्दुलालींसारख्या त्यांच्या थोड्या सहकाऱ्यांकडे जाते. भरतपूरचे पाणथळ शेतीसाठी आटविण्याचा घाट पंडित नेहरूंपर्यंत जाऊन त्यांनी रोखला. पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस कर्नाटकातील क्यासनूर वनज्वराच्या निमित्ताने जागतिक आरोग्य संघटनेचा पैसा मिळवून त्यांनी पक्ष्यांच्या पायांत वाळे घालून स्थलांतर मोजण्याचा मोठा उपक्रम उभारला. सन्मान उशिरा आणि एकदम आले : १९५८ साली पद्मभूषण, १९७६ साली पद्मविभूषण, त्याच सुमारास गेटी पारितोषिक. पारितोषिकाची रक्कम त्यांनी निसर्गरक्षणाच्या निधीला दिली. १९८५ साली ते राज्यसभेवर नियुक्त झाले आणि त्याच वर्षी त्यांचे आत्मचरित्र निघाले.

भरतपूरचा उत्तरार्ध मात्र थोडा थांबून सांगितला पाहिजे. १९८० साली सोसायटीने तेथे दहा वर्षांची पाहणी हाती घेतली. सलीम अली तिचे प्रमुख होते. म्हशींच्या चराईने उद्यानाची हानी होते असा सर्वांचा समज होता आणि १९८२ साली चराई बंद झाली. पाहणीच्या आकड्यांनी उलट सांगितले. चराई थांबताच गवत माजले, उथळ पाणी झाकले गेले आणि पक्ष्यांना जागा उरली नाही. आपल्याच संस्थेच्या मताविरुद्ध जाणारा हा निष्कर्ष त्या अहवालात नमूद आहे. संशोधनाचा प्रामाणिकपणा यापरता दुसरा नाही. याच पाहणीच्या काळात, १९८७-८८ ते १९८९-९० या हंगामांत, उद्यान परिसरात १८ सारस मरून पडले. आसपासच्या गव्हाच्या शेतांत बियाण्याला ऑल्ड्रिन लावीत असत आणि पक्ष्यांच्या शरीरात तेच निघाले. सारस मेले म्हणून दिसले. ऑल्ड्रिनच्या थोड्या मात्रेने ज्यांची वीण बिघडली असेल त्यांना प्रेत नव्हते.

हाच भेद माणसांना लागू पडतो. १९५८ साली केरळ व मद्रास भागांत जहाजावर पॅराथिऑन सांडलेला गहू खाऊन शंभरावर माणसे मेली, चौकशी आयोग बसला आणि त्यातून पुढे १९६८ चा कीटकनाशक कायदा आला. प्रेते मोजून केलेल्या या कायद्याची दृष्टीही प्रेतांचीच राहिली. औषधाच्या डब्यावर लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण असतो. तो रंग औषध किती मात्रेत जनावराला चटकन मारते यावरून ठरतो. हिरवा म्हणजे सौम्य. मुरबाडच्या भाजीवाल्या शेतकऱ्याला एम-४५ या नावाने ठाऊक असलेले मॅन्कोझेब हे बुरशीनाशक हिरव्या त्रिकोणाचे आहे. ते चटकन मारीत नाही हे खरेच आहे. परंतु त्याच्यापासून निर्माण होणारे द्रव्य कंठातील थायरॉइड ग्रंथीच्या कामात ढवळाढवळ करते, आणि गर्भाच्या मेंदूची घडण त्या ग्रंथीच्या संप्रेरकावर अवलंबून असते. युरोपीय संघाने डिसेंबर २०२० मध्ये त्याच्या मंजुरीचे नूतनीकरण नाकारले, त्यामागे संप्रेरकांवरील परिणाम हे एक कारण होते. आपल्या केंद्र सरकारने त्याच वर्षी मे महिन्यात २७ औषधांवर बंदीचा मसुदा काढला होता आणि त्यात मॅन्कोझेब होते. २०२३ साली अंतिम आदेश निघाला तेव्हा पूर्ण बंदी थोड्यांवरच आली. मॅन्कोझेब त्यांत नव्हते.

उद्योगांचे म्हणणे असे की पुरावा कोठे आहे? हा प्रश्न उर्मट असला तरी गैरलागू नाही. पुरावा मिळतो तेव्हा तो कसा मिळतो हे पाहावे. १९७७ साली कॅलिफोर्नियातील एका कीटकनाशक कारखान्यातील कामगारांच्या आपापसांतील बोलण्यातून, आपल्यापैकी पुष्कळांना अलीकडे मूलच झालेले नाही ही गोष्ट प्रथम वर आली. मग तपासणी झाली आणि सूत्रकृमींवरील एका औषधाने पुरुषांना वंध्यत्व आल्याचे सिद्ध झाले. आपल्याकडे केरळच्या कासरगोडमध्ये काजूच्या बागांवर वर्षानुवर्षे हेलिकॉप्टरमधून एंडोसल्फान फवारले गेले. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने तेथील एका गावातील ११७ मुलगे आणि तुलनेसाठी फवारणी नसलेल्या गावातील ९० मुलगे तपासले. फवारणीच्या गावातील मुले वयात येण्यास उशीर लागत होता आणि रक्तातील संप्रेरकांचे प्रमाण बदललेले होते. हा अभ्यास २००३ साली छापून आला. संख्या लहान आहे अशी कबुली शास्त्रज्ञांनी स्वतःच दिली. सर्वोच्च न्यायालयाने एंडोसल्फानवर बंदी घातली ती २०११ च्या मे महिन्यात. तुलनेला दुसरे गाव घेता आले म्हणून एवढे तरी कळले. सर्वच गावांत फवारा पोहोचल्यानंतर तुलना कोणाशी करणार?

तानसाच्या परिसराचे महत्त्व नेमके येथे आहे. मुंबईच्या पाण्यासाठी राखलेले हे पाणलोट क्षेत्र १९७० पासून अभयारण्य आहे. तलावाभोवतीचे साग, ऐन, मोहाचे रान बव्हंशी टिकून आहे. त्याच तालुक्यात खाली भातखाचरे आहेत, पाण्याची सोय असेल तेथे भातानंतर भेंडी-काकडी आहे, आणि मुरबाडकडे काळू नदीच्या काठाने भाजीपाला वाढतो आहे. म्हणजे फवारा न पोहोचलेले रान आणि नित्य फवारले जाणारे शेत ही दोन्ही काही कोसांच्या अंतरावर उपलब्ध आहेत. पाठीवर पंप घेणारा मनुष्य पुष्कळदा वारली, ठाकूर किंवा कातकरी मजूर असतो. औषध कालविणाऱ्या आणि फवारलेल्या पिकात तोडणीला उतरणाऱ्या पुष्कळदा बायका असतात, आणि त्यांच्यापैकी काहींच्या पोटात मूल असते. मात्रा किती यापेक्षा ती कोणत्या दिवसांत मिळाली याला संप्रेरकांच्या बाबतीत महत्त्व असल्यामुळे, धोक्याच्या ऐन टोकावर या बायका उभ्या आहेत.

यासाठी फार मोठी यंत्रणा लागते असे नाही. शहापूरला आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे, आश्रमशाळा आहेत, प्राथमिक आरोग्य केंद्रे आहेत. मुलांची उंची-वजने आणि बाळंतपणांच्या नोंदी ठेवणे हा त्यांच्या नित्याच्या कामाचा भाग आहे. त्या वह्यांत घरी कोण फवारणी करतो, कोणते औषध, कोणत्या महिन्यात, एवढ्या दोन-तीन रकान्यांची भर घालणे आणि काही बायकांची थायरॉइडची तपासणी दरसाल करणे हे सरकारच्या आवाक्याबाहेरचे काम नव्हे. दहा वर्षांनी त्या वह्यांतून काहीच निघाले नाही, तर शेतकऱ्याला निर्धास्तपणे तसे सांगता येईल. निघाले, तर उद्योगांच्या प्रश्नाला उत्तर देता येईल. तोवर हिरव्या त्रिकोणावर भरवसा ठेवण्याखेरीज त्या मजुरापुढे पर्याय नाही, आणि तो त्रिकोण त्याच्याशी पुरते खरे बोलत नाही.

सलीम अलींचे २० जून १९८७ रोजी मुंबईत निधन झाले. शेवटच्या वर्षांपर्यंत ते हिंडत होते. मोटारसायकलींचे वेड इतके की १९५० साली स्वीडनच्या परिषदेसाठी त्यांनी आपली गाडी जहाजाने युरोपला नेली होती. त्यांच्या नावाची संशोधन संस्था १९९० साली कोइमतूरला निघाली आणि तिथल्या प्रयोगशाळेत मेलेल्या पक्ष्यांतील व अंड्यांतील कीटकनाशके मोजण्याचे काम सुरू झाले. पुढे ही संस्था भारतीय वन्यजीव संस्थेत विलीन करण्यात आली.

जो रानपिंगळा त्यांना मिळाला नाही तो २०१४ च्या ऑक्टोबर महिन्यात तानसा अभयारण्यात दिसला. सातपुड्यापासून इतक्या दूर, मुंबईपासून शंभरेक किलोमीटरवर, तो असेल असे कोणाला वाटले नव्हते. सरडे, उंदीर, बेडूक, टोळ यांवर जगणारा हा पक्षी अन्नसाखळीच्या वरच्या टोकाला आहे. खालच्यांच्या अंगात साठलेले सर्व काही अखेर त्याच्या अंगात येते. तो मोकळ्या रानाचा, दिवसाही हिंडणारा पक्षी असल्यामुळे रानाच्या कडेचे शेत त्याला वर्ज्य नाही. तानसाच्या रानात तो पूर्वी किती होता आणि दरसाल किती पिले उडून जात, हे सांगणारी चिठ्ठी कोणत्याही संग्रहालयाच्या खणात नाही. तेथल्या हिशेबाचे पहिले साल २०१४ हेच धरावे लागेल.